परवानगी म्हणजे मान्यता नव्हे

परळच्या केईएम वा टाटा रुग्णालयाभोवतीच्या औषधांच्या दुकानांत भिंतीवर चौकटीत बसविलेले फार्मासिस्टचे नोंदणीपत्र दृष्टीस पडते. या एका कागदावर कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो. १९४८ च्या फार्मसी अधिनियमातील कलम ४२ अन्वये नोंदणी नसलेल्या व्यक्तीस डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देता येत नाही. ही नोंदणी मात्र कोणत्याही पदवीने वा पदविकेने मिळत नाही. त्या शिक्षणक्रमास व परीक्षेस फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची कलम १२ खालील मान्यता असावी लागते.

येथेच नव्या महाविद्यालयांचा प्रश्न उद्भवतो. नव्या संस्थेस प्रथम मिळते ती केवळ अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी. तिला पुढे मुदतवाढ मिळत जाते. कलम १२ खालील मान्यतेचा निर्णय होतो तो पहिली तुकडी अखेरच्या परीक्षेपर्यंत पोहोचल्यावर, अध्यापक, प्रयोगशाळा आणि परीक्षा यांची तपासणी करून. म्हणजे पदविकेची दोन आणि पदवीची चार वर्षे विद्यार्थी एका अपेक्षेवर काढतो. संस्था उणी ठरली तर दोष तिचा, पण वर्षे त्याची जातात.

महाविद्यालयांची बेसुमार वाढ पाहून कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या संस्थांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. अशी बंदी केवळ प्रशासकीय ठरावाने घालता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला आणि नव्या महाविद्यालयांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. त्यापूर्वी मार्च २०२० मध्ये, विदर्भातील एका संस्थेच्या प्रकरणात, फार्मसी शिक्षणाबाबत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नव्हे, तर फार्मसी कौन्सिलचाच शब्द अंतिम होय, असे याच न्यायालयाने स्पष्ट केले होते. तेव्हा अन्य कोणाच्या मान्यतेचा दाखला येथे पुरेसा नाही.

नवी संस्था म्हणजे वाईट संस्था, असे मात्र समजणे अन्यायाचे होईल. आजची नामांकित महाविद्यालयेही एकेकाळी नवीच होती आणि त्यांच्या पहिल्या तुकडीनेही धोका पत्करलाच होता. अमेरिकेतही नव्या फार्मसी विद्यालयास पूर्ण मान्यता पहिली तुकडी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. परंतु मधल्या प्रत्येक पायरीस तेथे स्वतंत्र नाव आहे आणि कोणत्या पायरीवरील पदवीधरास कोणते हक्क मिळतात, हे आधीच ठरलेले असते. आपल्याकडील जाहिरातींत बहुधा ‘मान्यताप्राप्त’ हा एकच शब्द सर्व पायऱ्या झाकून टाकतो.

गिरगाव-लालबागच्या एखाद्या कारकुनाच्या मुलास मुंबईत जागा न मिळाल्यावर दूरच्या जिल्ह्यातील नव्या महाविद्यालयाचे निमंत्रण येते, तेव्हा घरच्यांनी संस्थेस सरळ विचारावे : कौन्सिलचे पत्र कोणत्या वर्षाचे, किती जागांचे आणि कोणत्या कलमाखालचे? हे उत्तर कौन्सिलच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहावे. प्रयोगशाळा स्वतः पाहावी, अध्यापक नियमित आहेत की नाहीत याची चौकशी करावी आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. पदविकेच्या विद्यार्थ्यांना तर २०२२ च्या विनियमांनुसार नोंदणीपूर्वी आणखी एक निर्गम परीक्षा द्यावयाची आहे. कच्च्या शिक्षणाची किंमत तेथे मोजावीच लागेल. एवढे करूनही मन साशंक राहिले, तर जुन्या संस्थेतील गैरसोयीची जागा किंवा एक वर्षाची प्रतीक्षा हा तोट्याचा सौदा म्हणता येणार नाही.

परंतु सारी सावधगिरी सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर सोपविणे योग्य नव्हे. प्रवेशाच्या यादीतच प्रत्येक संस्थेपुढे ‘केवळ परवानगी’ की ‘कलम १२ खालील मान्यता’ हे ठळक छापण्यास शासनास फारसा खर्च येणार नाही. ज्या धोक्याची कल्पना शासनाला आहे आणि संस्थेलाही आहे, तो विद्यार्थ्याला मात्र शेवटच्या वर्षी कळावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.