भरताची कढई आणि शाळेची चूल

मुलांनो, सन २०१८ च्या डिसेंबर महिन्यात जळगाव शहरातील सागर पार्कच्या मैदानावर एक अपूर्व पाकयज्ञ झाला. नागपूरचे ख्यातनाम पाकतज्ज्ञ विष्णू मनोहर यांनी तेथे सुमारे २५०० किलो वांग्यांचे भरीत केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी नागपुरात ३००० किलो खिचडी शिजविली होती, आणि त्याआधी सन २०१७ मध्ये सलग ५० तासांहून अधिक वेळ चुलीपुढे उभे राहून निरनिराळे पदार्थ रांधण्याचा विक्रमही त्यांच्या नावावर जमा झाला होता. असे पराक्रम पाहावयास लोकांची दाटी होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि एरवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दडलेली कला चारचौघांत मानाने मिरविते. यात वाईट काही नाही. पण जळगावच्या मैदानावर जो पदार्थ एवढ्या थाटाने शिजला, तो मुळात कोणी आणि कोणत्या परिस्थितीत निर्माण केला, हे पाहू लागलो की गोष्ट मोठी मनोरंजक होते.

हिवाळा लागला म्हणजे खानदेशात शेतोशेती भरताचे बेत होतात. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला पुन्हा पानात येते. यावल तालुक्यातील बामणोद, भालोद, तसेच जळगावजवळचे असोदे (बहिणाबाई चौधरी यांचे माहेर ते हेच) ही गावे भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेली आहेत. हिरवट रंगाचे, मोठे आणि कमी बियांचे हे वांगे इतके विशिष्ट आहे, की सन २०१६ मध्ये ‘जळगावचे भरिताचे वांगे’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते भाजावयाचे कशावर? कपाशी वेचून झाली की शेतात जी वाळलेली झाडे उरतात, त्या पऱ्हाटीवर. म्हणजे इंधनास दिडकीही पडत नाही. भाजून निघालेल्या वांग्याची साल काढावयाची, भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसूण यांसह ते लाकडी बडगीत ठेचावयाचे, आणि मग वर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. तेल लागते ते शेवटच्या फोडणीपुरते. नसले तरी अडत नाही. जे रानात आहे तेच घ्यावयाचे आणि जे विकत आणावे लागते ते शक्यतो टाळावयाचे, या हिशेबातून हा पदार्थ घडला आहे.

वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. नुसत्या भरताने पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात बळ येत नाही. हे त्या शेतकरणीस कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नव्हते. तरी तिने भरीत कधी एकटे वाढले नाही. त्याच्या जोडीला कळण्याची भाकरी असते. कळणा म्हणजे ज्वारी व अख्खे काळे उडीद एकत्र दळून केलेले पीठ. या भाकरीचे गुण मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले आहेत.

सन १९७२ च्या दुष्काळात मी साधारण तुमच्याच वयाचा होतो. विहिरी आटल्या होत्या, घरची ज्वारी संपली होती. त्या वर्षी शिधावाटपाच्या दुकानात परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना कडेने तडके, तव्यावर टाकताना मोडे, आणि आम्ही भावंडे ती पाहून तोंडे वाकडी करीत असू. आई काही बोलत नसे. एके दिवशी तिने डब्याच्या तळाशी उरलेले उडीद काढले आणि मूठभर मिलोच्या दळणात टाकले. त्या दिवशी भाकरी सलग उतरली. पुढे अनेक वर्षांनी त्याचे कारण मला कळले. ज्वारीत गव्हासारखा लवचिक चिकटपणा नसतो. उडदाच्या बुळबुळीत अंशाने तो काहीसा भरून निघतो. पण खरा लाभ याहून मोठा होता. आपले शरीर ज्या प्रथिनांनी घडते ती अनेक घटकांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसीन नावाचा घटक ज्वारीत फार थोडा, तर डाळींत भरपूर असतो. उलट मेथिओनीन हा घटक डाळींत कमी आणि धान्यात पुरेसा असतो. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. भाकरीच्या पिठात उडीद, खिचडीत तांदूळ व मूग, वरण-बट्टीत गहू व तूर, हे सारे याच मेळाचे प्रकार होत.

आता आजच्या नामवंत पाकतज्ज्ञांकडे वळू. सन १९९३ मध्ये संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला, आणि पाकक्रिया दाखविणारी माणसे नटांइतकी लोकप्रिय होऊ शकतात हे देशाने पाहिले. त्यांच्यापुढील ओट्यावर चिरलेला कांदा, किसलेले खोबरे, मोजलेला मसाला असे सारे निरनिराळ्या वाट्यांत तयार असते. चिरले कोणी, भांडी घासणार कोण, उरलेल्या पदार्थाचे काय होणार, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. आणि किंमत? एखाद्या कृतीत ‘एक चमचा’ म्हणून सांगितलेला परदेशी रस दुकानात चमच्याने मिळत नाही; त्याची अख्खी बाटली घ्यावी लागते. चमचा संपतो, बाटली फडताळात वर्षभर राहते. ज्या घरी महिन्याचा किराणा वहीत लिहून आणला जातो, तेथे त्या एका बाटलीच्या पैशांत कदाचित किलोभर तूरडाळ आली असती. पाहणे फुकट असते, करणे फुकट नसते.

मात्र सगळेच पाककलाकार घरच्या तिजोरीविषयी उदासीन होते असे मुळीच नाही. कमलाबाई ओगले (१९१३–१९९९) यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक सन १९७० मध्ये पुण्याच्या किर्लोस्कर प्रेसने काढले. त्यांनी मापे दिली ती वाटीची आणि चमच्याची. कारण तराजू बहुतेक घरांत नसतो, वाटी मात्र प्रत्येक घरात असते. मापाने केले की पदार्थ वाया जात नाही. नव्याने संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्या पुस्तकाने हात दिला. माझ्या मते कीर्ती मिळविण्याचा हा मार्ग भल्या मोठ्या कढईहून कमी मोलाचा नव्हे. पण मी शाळामास्तर, तेव्हा मापाचे कौतुक मला थोडे अधिकच असणार.

इंग्लंडात तर एका ख्यातनाम पाकतज्ज्ञाची या बाबतीत खरीखुरी परीक्षा झाली. सन २००४ मध्ये जेमी ऑलिव्हर नावाचे तरुण बल्लवाचार्य लंडनमधील एका शाळेच्या स्वयंपाकघरात शिरले. एका मुलाच्या भोजनातील जिनसांसाठी तेथे अवघे ३७ पेन्स मिळत. तेवढ्यात सकस अन्न करून दाखवू, असा त्यांचा निश्चय होता. हिशेब हाताबाहेर जाऊ लागला. भोजनगृहातील बायकांचे काम वाढले. आणि ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप, त्यांनी नवी पाने तशीच परत केली. त्यांना तळलेले जिन्नस हवे होते! ऑलिव्हर खचले नाहीत. त्यांनी थेट सरकारदरबारी दाद मागितली, आणि सन २००५ मध्ये तेथील सरकारने शालेय भोजन सुधारण्यासाठी २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. कौशल्याने काय साधते आणि पैशावाचून काय अडते, हे दोन्ही त्या प्रयोगात उघड झाले.

तुमच्या शाळेतही हाच प्रयोग रोज चालतो. फक्त त्याचे चित्रण कोणी करीत नाही. सन १९९५ मध्ये आपल्या देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. आरंभी मुलांना कोरडा तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या सन २००१ मधील आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून मुलाच्या पोटात ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने जावीत, ही अपेक्षा. धान्य सरकार निराळे देते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून दर मुलामागे दर दिवशी १० रुपये १७ पैसे धरण्यात आले. पाटीपेन्सिल घ्या आणि साठ मुलांचा हिशेब मांडून पाहा. ९ किलो तांदूळ, १ किलो ८०० ग्रॅम डाळ, साडेचार किलो भाजी, ४५० ग्रॅम तेल. आणि धान्य सोडून उरलेल्या सर्वांसाठी ६१० रुपये २० पैसे. पावसाळ्यात टोमॅटो व कोथिंबीर कडाडली, तरी ही रक्कम तीच राहते.

सन २०२४ मध्ये राज्य शासनाने पदार्थांची यादी सुधारून १५ पाककृती दिल्या. त्यांत मसालेभात, चवळीची खिचडी, मटकीची उसळ, शेवगा घातलेले मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व असे चवीचे व गुणाचेही पदार्थ होते. अंडा पुलावही होता. परंतु जानेवारी २०२५ मध्ये अंडे व साखर यांचा खर्च लोकवर्गणीतून करावा असे ठरले. ज्या गावात वर्गणी देणारे हात आहेत तेथे अंडे येते, नाहीत तेथे येत नाही. कागदावरील पाककृती आणि ताटातील घास यांच्यामध्ये पैशाची ही दरी असते.

आणि रांधणारी? पंचवीस मुलांपर्यंत एक, त्यापुढे शंभरपर्यंत दोन, असे या कामाचे प्रमाण आहे. सन २००९ मध्ये केंद्राने ठरविलेले मानधन दरमहा १००० रुपये, तेही वर्षातून दहाच महिन्यांचे. राज्ये त्यात आपापली भर घालतात.

धुळे जिल्ह्यातील एका लहान शाळेत मी मुख्याध्यापक असताना तेथे अन्न शिजविणाऱ्या एक काकू होत्या. सकाळी पहिला तास सुरू होताच त्या दाराशी येऊन विचारीत, “गुरुजी, आज किती?” हजेरीचा आकडा कळल्यावाचून त्या तांदूळ धूत नसत. बाजाराच्या दिवशी पट कमी भरतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी कमी, हे त्यांना माझ्या हजेरीपुस्तकाइतकेच ठाऊक होते. भाजीची देठे त्या टाकीत नसत. बारीक चिरून वरणात घालीत. वरण वाढताना प्रत्येक खेपेस पळी तळापासून ढवळीत, म्हणजे पहिल्या रांगेस पातळ आणि शेवटच्या रांगेस घट्ट असे होत नसे.

एकदा मी सहज विचारले, “काकू, तुम्ही मीठ अंदाजाने घालता, तरी चव कधी चुकत कशी नाही?” त्यांनी फळीवरून डब्याचे एक जुने पत्र्याचे झाकण काढले. आतल्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा होत्या. “साठ मुले असली की झाकण काठोकाठ,” त्या म्हणाल्या, “पन्नास असली की ही वरची रेघ, चाळीस असली की खालची. अंदाज कसला, गुरुजी?”

त्या दिवशी हजेरी एकावन्न होती. काकूंनी वरच्या रेघेपर्यंत मीठ घेतले, त्यावर चिमूटभर आणखी घातले, झाकण पातेल्यात उपडे केले आणि फुंकणी उचलली.