पुंजी आणि रुपयाचे मोल

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याची सारी पुंजी रुपयांत असते. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. ठेवीतील एक पैसाही न हलता तिचे परदेशी मोल तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. २००४ पासून निवासी भारतीयांस परदेशी रक्कम ठेवता येते; आज मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. या सवलतीचा उघड लाभ घेण्यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. खाते प्राप्तिकर विवरणात न दाखविणे मात्र गुन्हा होय. परंतु ज्याच्यापाशी शिल्लकच तुटपुंजी, त्या कापूसवाल्याला ही वाट कुठली? त्याच्यासाठी रुपयाचे मोल राखणे, हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे.