पाहुणा ओळखीचाच असावा का? ख्रिस्ती पाहुणचाराचा अर्थ सांगणारं केडगाव

कंधार : दारात कुणी आलं की आपल्याकडं आधी तांब्याभर पाणी पुढं येतं, मग चहा. जेवणाची वेळ असली तर 'चला, दोन घास खाऊन घ्या' असं म्हणतात. पण हा मान बहुतेक वेळा सोयऱ्याधायऱ्यांना मिळतो. अनोळखी, फाटका माणूस आला तर दार अर्धंच उघडतं. ख्रिस्ती धर्मात पाहुणचाराची परीक्षा नेमकी इथंच होते.

शब्दातच अर्थ आहे

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पाहुणचारासाठी 'फिलोक्सेनिया' हा शब्द येतो. त्याचा अर्थ परक्यावर माया करणं. मत्तयच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात, येशूची शिकवण अशी आहे की भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा दिला तर तो देवालाच दिला. लूकच्या 14 व्या अध्यायात तो सांगतो की जेवायला अशांना बोलवा, ज्यांना परतफेड करता येणार नाही. म्हणजे आहेराला आहेर हा हिशेब इथं चालत नाही.

दुष्काळात उघडलेलं दार

याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (1858-1922). त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. भूक काय असते हे रमाबाईंनी स्वतः सोसलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढं ते पुण्यात आणलं.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या आणि निराधार मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. तेच पुढं 'मुक्ती' म्हणून ओळखलं गेलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास बायका-मुलं होती.

त्यांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, शिवण, लिहिणं-वाचणं शिकवलं. अंध मुलींनाही शिकवलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. पाहुणी म्हणून आलेली बाई कामाची धनी झाली. ही संस्था आजही चालू आहे.

आसरा की आमिष?

हा सवाल तेव्हाही विचारला गेला. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप 1893 मध्ये झाला. 'केसरी'नं टीका केली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मुलींवर जबरदस्ती नाही, पण आपली प्रार्थना आपण लपवणार नाही. वाद पुष्कळ दिवस चालला. आज विचार करताना लूकचाच निकष कामी येतो : परतफेडीची अट नको, मग ती पैशाची असो की श्रद्धेची.

आपल्या गावात काय करता येईल?

नाताळात ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्यांचा फराळ होतो, शेजाऱ्यांकडं ताट जातं. ते चांगलंच आहे. पण ज्याच्याकडून उलटं ताट येणार नाही, अशा एका घरीही जावं. पाणी देताना वेगळा पेला काढू नये. पाहुण्याला जात आणि धर्म आधी विचारू नये.

कंधार, लोहा, मुखेड भागातली कितीतरी माणसं दरवर्षी ऊसतोडीला परमुलखात जातात. तिथं कुणी प्यायला पाणी दिलं, आजारी लेकराला दवाखान्यात नेलं, तर त्याची किंमत त्यांनाच ठाऊक. तशीच परकी माणसं आपल्याकडंही कामाला येतात. त्यांच्यासाठी यजमान आपणच असतो.