करदात्याची निवड आणि सार्वजनिक खर्च : व्यवसाय कर व रोजगार हमी योजनेच्या संदर्भात

प्रास्ताविक :
शिरूर तालुक्यातील कारेगाव हे गाव रांजणगाव औद्योगिक वसाहतीस लागून आहे. येथे भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात काम करणाऱ्या, दरमहा दहा हजार रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुष कामगाराच्या वेतनचिठ्ठीवर 'व्यवसाय कर' म्हणून २०० रुपयांची, तर फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात आढळते. वर्षाकाठी ही रक्कम २,५०० रुपये होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार हीच या कराची कमाल मर्यादा आहे. आपला कर कोणत्या योजनेवर खर्च व्हावा हे ठरविण्याचा अधिकार अशा करदात्यास असावा काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
कर म्हणजे विशिष्ट मोबदल्याची अपेक्षा न ठेवता शासनास द्यावयाची सक्तीची रक्कम होय. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात (हा मठ कर्नाटकातील उडुपी येथील असून आपल्या शिरूरशी त्याचा संबंध नाही) कर व शुल्क यांतील हाच भेद स्पष्ट केला. राज्याचा करमहसूल प्रथम एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने विनियोजन मंजूर केल्याखेरीज त्यातून खर्च करता येत नाही. म्हणजेच खर्चाची निवड करदाता नव्हे, तर मतदाता आपल्या प्रतिनिधीमार्फत करतो.

याला काही देशांत मर्यादित अपवाद आहेत. इटलीत १९८५ च्या कायद्यान्वये प्राप्तिकरातील ०.८ टक्के भाग राज्यसंस्थेच्या सामाजिक कार्यास द्यावा की एखाद्या धर्मसंस्थेस, हे करदाता विवरणपत्रात नोंदवू शकतो. तथापि निम्म्याहून अधिक करदाते निवडच करीत नाहीत आणि त्यांचा वाटा निवड करणाऱ्यांच्या पसंतीच्या प्रमाणात वाटला जातो. हंगेरीने १९९६ मध्ये एक टक्का प्राप्तिकरासाठी अशीच तरतूद केली. दोन्ही ठिकाणी निवडीचा हिस्सा अत्यल्प ठेवला आहे, ही बाब लक्षणीय आहे.

महाराष्ट्राचा अनुभव :
आपल्या राज्याने यापेक्षा वेगळा मार्ग अवलंबिला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये ही योजना राज्यपातळीवर स्वीकारण्यात आली. तिच्यासाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कायद्याने स्वतंत्र रोजगार हमी निधी निर्माण केला व करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासनानेही त्यात घालावी अशी तरतूद केली.

येथे कर कोणत्या कामासाठी, हे आधीच ठरलेले होते. मात्र ते एकेका करदात्याने नव्हे, तर विधिमंडळाने ठरविले होते. शहरातील नोकरदार कर भरीत होता आणि कोरडवाहू भागातील शेतमजूर त्यातून काम मागत होता. मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. प्रत्येक नोकरदारास स्वतंत्रपणे विचारले असते, तर त्याने आपले २०० रुपये आपल्या वस्तीतील रस्त्यासाठी मागितले असते की परगावच्या पाझर तलावासाठी? उत्तर निश्चित सांगता येणार नाही. परंतु मजुराचा कामाचा हक्क त्या उत्तरावर अवलंबून ठेवला गेला नाही, हेच या व्यवस्थेचे बलस्थान होय.

मर्यादा :
केवळ कराला उद्दिष्ट जोडल्याने खर्चाची हमी मिळत नाही. केंद्राने २००७ मध्ये लागू केलेल्या माध्यमिक व उच्च शिक्षण उपकराची रक्कम त्यासाठीच्या स्वतंत्र कोषात वर्षानुवर्षे वर्ग झाली नव्हती, याकडे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले होते. 'आमचा पैसा आम्हीच ठरवू' या मागणीमागे असा अविश्वास आहे आणि तो निराधार म्हणता येत नाही.

तथापि करदात्याच्या निवडीत एक मूलभूत दोष आहे. जो अधिक कर भरतो त्याच्या पसंतीचे वजन अधिक ठरते. प्राप्तिकर वा व्यवसाय कर न भरणारी शेतमजूर स्त्री आपल्या अनेक खरेदींवर अप्रत्यक्ष कर भरते, परंतु तिच्या हाती विवरणपत्र नसल्याने तिची पसंती कोठेच नोंदली जाणार नाही.

पर्यायी मार्ग :
पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास प्रारंभ केला. पदपथ, पथदिवे, बाके, बसथांबे अशा छोट्या कामांचा त्यात भरणा असतो. येथे सूचना देण्यासाठी कराची पावती नव्हे, तर रहिवास हा आधार आहे. ग्रामीण भागात हेच कार्य ग्रामसभेने करावयाचे असते. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमान्वये ग्रामपंचायत विकास आराखडा लोकसहभागातून तयार करणे अपेक्षित आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवली, तर उर्वरित ४० टक्क्यांबाबत स्थानिक गरजेनुसार निर्णयाची मोकळीक दिली. किमान गरजा वरून निश्चित आणि उर्वरित निवड स्थानिकांची, अशी ही विभागणी आहे.

समारोप :
कारेगावसारख्या गावात मात्र एक पेच उरतो. ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी गावच्या मतदार यादीत नाव असावे लागते. भाड्याने राहणारा कामगार येथे कर भरतो, येथले पाणी व रस्ते वापरतो. पण अनेकदा त्याचे नाव मूळ गावच्या यादीत असते. परिणामी जेथे तो राहतो तेथील खर्चावर त्याचे मत नाही आणि जेथे मत आहे तेथे तो राहत नाही. करदात्याच्या निवडीची कल्पना त्याला आकर्षक वाटली तर नवल नाही. परंतु त्याचा प्रश्न कर भरल्याची पावती मोजून सुटणार नाही. मतदार नोंदणीसाठी घर मालकीचे असण्याची अट नाही. सामान्यतः तेथे रहिवास असणे पुरेसे आहे. ही माहिती अशा कामगारांपर्यंत व त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयांना, विशेषतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून, सहज शक्य आहे. सार्वजनिक खर्चावरील हक्क भरलेल्या रुपयांवर नव्हे, तर नागरिकत्वावर उभा राहिला पाहिजे. रोजगार हमीच्या अनुभवाचे सार हेच आहे.