डिजिटल दूरचित्रवाणी चित्रमुद्रणाचे अडखळणे

डिजिटल दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेला कार्यक्रम घरगुती संगणकावर पाहताना चित्र क्षणभर थांबणे, झटके घेत पुढे सरकणे, पडद्यावर चौकोनी ठिगळे उमटणे किंवा आवाज आणि ओठांची हालचाल यांचा मेळ सुटणे, या दोषांना चित्रमुद्रणाचे अडखळणे म्हणता येते. हा दोष तीन टप्प्यांवर उद्भवतो : प्रक्षेपण ग्रहण करून मुद्रित होताना, मुद्रित फाइल साठवणातून वाचली जाताना आणि तिचे डीकोडिंग होऊन चित्र पडद्यावर येताना. पहिल्या टप्प्यावरील दोषात माहिती कायमची हरवलेली असते. उरलेल्या दोन टप्प्यांवर मूळ फाइल शाबूत असते, केवळ ती दाखवण्याची व्यवस्था कमी पडते. त्यामुळे दोषाचा टप्पा निश्चित होण्यापूर्वी फाइलचे रूपांतर करून मूळ प्रत पुसल्यास, पुन्हा प्रक्षेपित न होणारा कार्यक्रम कायमचा गमावण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

चुंबकीय फितीवरील चित्रमुद्रणात फीत झिजली की चित्र अंधुक होई, त्यावर रेषा दिसत. पण चित्र सहसा चालू राही. डिजिटल चित्रमुद्रणात असा हळूहळू ऱ्हास होत नाही. माहिती पूर्ण मिळाली तर चित्र स्वच्छ दिसते, न मिळाल्यास ते तुटते.

भारतात केबल दूरचित्रवाणीचे सक्तीचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूरचा समावेश होता आणि या टप्प्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरवण्यात आली होती. उपग्रहाद्वारे थेट घरी येणारी दूरदर्शनची निःशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ती आता 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाते.

सशुल्क केबल व डीटीएच सेवांच्या सेट-टॉप बॉक्सवर केलेले मुद्रण बहुधा सांकेतिक कुलपात असते आणि त्याच बॉक्सवर चालते. अशी फाइल संगणकावर अडखळत नाही, तर मुळीच उघडत नाही. प्रस्तुत लेखातील विवेचन निःशुल्क वाहिन्यांच्या, पेन ड्राइव्हवर अथवा संगणकाच्या ट्यूनर कार्डद्वारे केलेल्या खुल्या मुद्रणास लागू आहे.

प्रवाहाची रचना

डिजिटल प्रक्षेपणात चित्र, ध्वनी आणि वेळदर्शक माहिती एका प्रवाहात गुंफलेली असते. हा प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटांचा बनलेला असतो. चित्र किंवा ध्वनी वाहणाऱ्या प्रत्येक पॅकेटात ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. क्रमांकांच्या मालिकेत खंड पडला की पॅकेट हरवल्याचे समजते.

सर्व चौकटी पूर्ण स्वरूपात पाठवल्या जात नाहीत. काही चौकटी पूर्ण असतात, तर बाकीच्या चौकटींत प्रामुख्याने आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीशी असलेला फरक नोंदवलेला असतो. पूर्ण चौकटीतील एखादे पॅकेट हरवल्यास पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत दोष टिकून राहतो. त्यामुळे सेकंदाच्या अल्पांशाचा व्यत्यय पडद्यावर अर्धा ते दोन सेकंद दिसू शकतो.

दोषाचा टप्पा ओळखणे

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे अडखळणारा भाग पुन्हा पुन्हा पाहणे. दोष प्रत्येक वेळी त्याच क्षणी आणि त्याच रूपात दिसला, तर तो फाइलमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी दिसला, तर कारण संगणकात शोधावे लागते. खातरजमा करण्यासाठी फाइल पेन ड्राइव्हवरून संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर उतरवून घेतात आणि दुसऱ्या प्लेअरवर, शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर चालवून पाहतात. व्हीएलसीसारख्या प्लेअरमधील सांख्यिकीत गळलेल्या चौकटींची आणि खंडित पॅकेटांची संख्या स्वतंत्रपणे दिसते. खंडित पॅकेटे वाढत असतील तर दोष फाइलमध्ये किंवा तिच्या वाचनात असतो; केवळ चौकटी गळत असतील तर संगणक अपुरा पडत असतो.

ग्रहणातील दोष

डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून केयू पट्ट्यात होते. सोलापुरातून हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. या दिशेला वाढलेली झाडाची फांदी, वाऱ्याने किंचित हललेली थाळी, गंजलेला कनेक्टर किंवा केबलमध्ये शिरलेले पाणी यांमुळे संकेत क्षीण होतो. केयू पट्ट्यातील लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. संकेताचा मार्ग तिरका असल्याने घरावर पाऊस नसतानाही आग्नेयेस दोन-तीन किलोमीटरवर कोसळणारी सर मुद्रणात खंड पाडू शकते.

पेन ड्राइव्हचा लेखनवेगही तपासावा लागतो. सेकंदाला ४ मेगाबिटचा प्रवाह तासाभरात सुमारे १.८ गिगाबाइट जागा व्यापतो. हा वेग माफक असला तरी जुन्या किंवा निकृष्ट पेन ड्राइव्हचे लेखन मधूनमधून थबकते आणि तेवढा भाग मुद्रित होत नाही. फॅट३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे दीर्घ मुद्रणाचे तुकडे पडतात आणि ते स्वतंत्रपणे चालवल्यास सांध्यावर चित्र क्षणभर थांबते. हे फाइलचे नुकसान नव्हे.

साठवण आणि डीकोडिंगमधील दोष

मुद्रित प्रवाहाच्या तुलनेत डिस्कचा वाचनवेग अनेक पटींनी जास्त असतो. तरीही त्याच डिस्कवर दुसरे मुद्रण, विषाणू तपासणी किंवा मोठ्या फाइलची नक्कल चालू असल्यास वाचन खोळंबते. घरातील वायरलेस नेटवर्कवरून फाइल चालवतानाही असेच घडते. प्लेअरमधील बफरची मर्यादा वाढवल्यास हे खंड बहुधा झाकले जातात.

जुन्या संगणकांना एमपीईजी-२ पद्धतीचे चित्र सहज पेलते, मात्र एमपीईजी-४ पद्धतीतील उच्चदर्शी चित्राचे डीकोडिंग जड जाते. ग्राफिक्स चिपचा योग्य ड्रायव्हर बसवलेला नसेल, तर हा सारा भार प्रोसेसरवर पडतो. हार्डवेअर डीकोडिंग चालू करणे हा त्यावरील पहिला उपाय होय. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पंख्यात धूळ साचलेला संगणक अशा वेळी तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. आरंभी सुरळीत चालणारे चित्र काही मिनिटांनी अडखळू लागणे, हे या कारणाचे ठळक लक्षण आहे.

चित्रदरातील विसंगती

भारतीय दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चौकटी असतात. इंटरलेस पद्धतीत प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन फील्डांत विभागली जाते, म्हणजे सेकंदाला ५० फील्डे मिळतात. डीइंटरलेस करण्याची सोय बंद असल्यास हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. प्रत्येक फील्डापासून स्वतंत्र चित्र तयार करणारी पद्धत निवडल्यास हालचाल अधिक सलग दिसते.

संगणकाचा पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ५० चित्रे ६० वेळांत बसवताना दर पाचांतील एक चित्र दोनदा दाखवावे लागते. परिणामी सेकंदाला दहा बारीक झटके बसतात. मराठी वृत्तवाहिन्यांवर खाली सरकत जाणाऱ्या बातम्यांच्या पट्टीत हे झटके स्पष्ट जाणवतात. ते कमी करण्यासाठी पडद्याची सोय असल्यास त्याचा दर ५० किंवा १०० हर्ट्झ ठेवतात.

दुरुस्ती आणि जतन

दुरुस्तीची सॉफ्टवेअरे हरवलेली चित्रे परत आणू शकत नाहीत. ती विस्कळीत वेळखुणा जुळवतात आणि ध्वनी-चित्राचा मेळ पुन्हा साधतात. या वेळखुणांचे गणन सुमारे साडेसव्वीस तासांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तो क्षण मुद्रणाच्या मध्ये आल्यास फाइलची लांबी चुकीची दिसते किंवा पुढे सरकवताना चित्र अडकते. अशी फाइल नव्या वेळखुणांसह पुन्हा बांधल्यास दोष दूर होतो. पुनर्बांधणीत चित्र व ध्वनी जसेच्या तसे राहतात, तर पुन्हा एन्कोडिंग केल्यास गुणवत्ता घटते आणि ग्रहणातील दोषही चित्रात कायम होतात. म्हणून मूळ फाइलची एक प्रत वाहिनी, दिनांक आणि वेळ यांच्या नोंदीसह वेगळी ठेवणे इष्ट असते. त्याच कार्यक्रमाचे पुनःप्रक्षेपण झाल्यास किंवा अन्यत्र केलेले मुद्रण मिळाल्यास या नोंदीच्या आधारे तुटलेला भाग बदलता येतो.