प्रतिनिधी घडवावा लागतो

वसई, नालासोपारा, विरार येथील दवाखान्यांच्या दाराशी रात्री उशिरापर्यंत बॅग घेऊन तिष्ठणारा वैद्यकीय प्रतिनिधी हे नित्याचे दृश्य आहे. शेवटचा रुग्ण गेल्यावर मिळणाऱ्या दोन मिनिटांवर त्याची नोकरी अवलंबून असते. त्याचा खरा गुरू क्षेत्र व्यवस्थापक. पण तो महिनाअखेरीस विक्रीचा आकडा विचारण्यापुरताच उगवत असेल, तर शिकविणार कोण? २०२४ च्या औषध विपणन संहितेने डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यास आणि भेटीसाठी प्रलोभन दाखविण्यास मज्जाव केला; प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारीही कंपनीवर टाकली. उरले ते औषधाचे ज्ञान. दुष्परिणामांविषयी विचारले असता ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हणण्याचे धैर्य परिपत्रकाने येत नाही. व्यवस्थापकाने सोबत जावे, प्रतिनिधीलाच बोलू द्यावे आणि त्याचे काय चुकले ते स्टेशनकडे परतताना समजावून द्यावे. (मात्रेविषयी चूक झाली, तर ती अर्थातच तेथल्या तेथे सुधारावी.) प्रत्यक्षात उत्तम विक्रेत्यालाच व्यवस्थापक नेमतात, आणि तो हाताखालच्यांना शिकविण्याऐवजी त्यांचे डॉक्टर स्वतःच गाठू लागतो. त्याची पुढची बढती त्याने किती माणसे तयार केली यावर ठरविण्यास कंपन्यांना कोणी अडविले आहे?