'पुसद'ची अक्षरे किती?

'पुसद' या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले मूलही तीन सांगेल. जावास्क्रिप्टला शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते चार. वेब प्रोग्रॅमिंग शिकताना आरंभ कोठून करावा, या प्रश्नाचा विचार या तफावतीपासून करता येतो.

पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पण वेब प्रोग्रॅमिंग शिकणारे सगळेच तिथले नसतात. कला-वाणिज्याचे पदवीधर, दुकान सांभाळून रात्री शिकणारे असे कितीतरी जण मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या आधारे ही वाट धरतात. नोकरीच्या जाहिराती फ्रेमवर्कची नावे मागतात, म्हणून पहिला धडाही तोच गिरवला जातो.

फ्रेमवर्क म्हणजे वारंवार लागणाऱ्या कामांची तयार चौकट. तिच्या खाली तीन भाषा असतात. एचटीएमएल पानाची रचना सांगते, सीएसएस त्याचे रूप ठरवते आणि १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी घडवलेली जावास्क्रिप्ट त्याला हालचाल देते. जेक्वेरी २००६ साली आली, अँग्युलरजेएस २०१० साली, रिअ‍ॅक्ट २०१३ साली. पैकी अँग्युलरजेएसची देखभाल गूगलने २०२१ अखेर थांबवली. तेवढेच शिकलेल्यांना पुन्हा पाटी कोरी करावी लागली. खालच्या तीन भाषा मात्र आजही चालू आहेत.

आता त्या चौथ्या 'अक्षरा'कडे वळू. युनिकोडमध्ये प, उकार, स आणि द या चार चिन्हांना चार स्वतंत्र क्रमांक आहेत आणि जावास्क्रिप्ट तेच मोजते. शब्द उलटा करणे हा नवशिक्यांचा नेहमीचा सराव. इंग्रजी शब्दावर तो बिनचूक चालतो. 'पुसद'वर केला, की 'दसुप' मिळते. अपेक्षा 'दसपु'ची; पण उकार 'प'ला सोडून 'स'ला चिकटतो. पडद्यावर चुकीची सूचनाही येत नाही. 'क्षमा' या नावाचे आद्याक्षर मागितले, तर 'क' हाती येतो. नावनोंदणीच्या अर्जात किंवा ओळखपत्रावर हीच गफलत माणसाचे नाव बिघडवते.

फ्रेमवर्क हे आपोआप दुरुस्त करत नाही. ब्राउझरमधले 'इंटल.सेगमेंटर' हे साधन 'पुसद'चे पु, स, द असे तीन भाग पाडते. पण ते वापरावे हे सुचायला खाली काय घडते ते ठाऊक हवे.

म्हणून नवशिक्याने आधी नोटपॅडमध्ये आपल्या गावाविषयी एक मराठी पान लिहावे. त्यात यूटीएफ-८ ची नोंद करावी आणि ती काढून अक्षरांचे काय होते तेही पाहावे. मग नाव विचारणारा छोटा अर्ज करावा, त्यात जोडाक्षरांची नावे भरून पाहावीत. फ्रेमवर्क त्यानंतर. या क्रमाला काही महिने अधिक लागतील. पण मराठी नावे नीट हाताळणारी संकेतस्थळे मराठी वाचता येणाऱ्या प्रोग्रॅमरने केली नाहीत, तर ती दुसरे कोण करणार?